हा बाण कोणी दिला?

रत्नपारखी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पोह्यांची बशी तिरकी करत होत्या.

भंवरकुआं चौकातल्या एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागून मला जेमतेम दोन दिवस झाले होते. स्टाफरूम म्हणजे जिन्याखालची एक खोली. सकाळच्या दोन तासांच्या मधे खालच्या ठेल्यावरून पोहे येत. सगळे खात होते, आणि कोपऱ्यात पन्नाशीच्या एक उंच, काटकुळ्या बाई पुसून घेतलेल्या रिकाम्या बशीत शेवेचा एकच तुकडा ठेवून बशीची एक कड हळूहळू वर उचलत होत्या. तुकडा गडगडू नये म्हणून उताराच्या सरळ रेषेत ठेवलेला. दुसऱ्या हातात कंपासपेटीतला कोनमापक. तुकडा घसरला. "बावीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही नवीन केमिस्ट्री ना? लिंबू पिळलंय का पोह्यांवर?"

"हो."

"मग तुमचं झालं की बशी इकडे द्या. ओल्या बशीचा आकडा पाहिजे."

मी बशी दिली. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी "केमिस्ट्री" झाले ती कायमची. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण सहा वर्षांत एकदाही त्यांनी ते वापरलं नाही. माझ्या मुलांची नावं तर त्यांनी विचारलीच नाहीत. कुतूहलाचं एवढं मोठं भांडार असलेल्या बाईला माणसांच्या घरच्या गोष्टींबद्दल अजिबात कुतूहल नव्हतं, याचा मला पहिल्या वर्षी राग यायचा. पुढे सवय झाली.

ती वही मी नंतर पाहिली. उतार किती केला म्हणजे वस्तू घसरते, त्या कोनांची ती वही होती. या कोनावरून एक पृष्ठभाग दुसऱ्याला किती धरून ठेवतो ते कळतं. पुस्तकात त्याला घर्षणांक म्हणतात. पुस्तकात लाकडावर लाकूड, लोखंडावर लोखंड असे दोन-चार आकडे दिलेले असतात. मॅडमना ते पुरत नव्हते. त्यांच्या वहीत कोरड्या कोटा फरशीवर रबरी चप्पल होती, ओल्या कोटा फरशीवर तीच चप्पल होती, तव्यावर भाकरी, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर खोडरबर, आणि एका पानावर "साबणाची वडी, नवी" व त्याखाली "साबणाची वडी, आठ दिवसांनी". मी विचारलं, "हे सगळं कशाला?" त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "कशाला म्हणजे? कोणी मोजलेलंच नाहीये ना."

मॅडम परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत वाढलेल्या. वडील कापडमिलमध्ये होते. तिथे मागांवरचे चामडी पट्टे घसरायला लागले की त्यांवर राळेची पूड टाकत, म्हणजे पट्टा चाकाला धरून राहायचा. वडिलांच्या हातांना नेहमी राळेचा वास यायचा, असं त्या सांगत. "लोक घर्षणाला शत्रू समजतात. आमच्या घरी तर घर्षणच रोटी आणायचं." मिल बंद पडली तेव्हा त्या कॉलेजात होत्या. लग्न केलं नाही. मोठे भाऊ, अण्णा, आणि त्या असे दोघंच सुदामानगरातल्या एका फ्लॅटमध्ये राहत.

वर्गात त्यांची एक मोठी अडचण होती: एका तासात त्यांचं एकच गणित व्हायचं. शेजारच्या खोलीत फिजिक्सचेच दुसरे सर तासाला बारा गणितं करून दाखवत, आणि मॅडम अर्धा तास फक्त चित्र काढत असत. ठोकळा काढायचा, आणि त्याच्यावर कोण कोण जोर लावतंय त्याचे बाण काढायचे. बस. प्रत्येक बाणापाशी थांबून त्या विचारायच्या, "हा बाण कोणी दिला?" पृथ्वीने दिला, दोरीने दिला, टेबलाने दिला, असं देणाऱ्याचं नाव सांगता आलं तरच बाण फळ्यावर राहायचा. एकदा कोणीतरी पुढे चाललेल्या ठोकळ्यावर पुढच्या दिशेने एक बाण काढला आणि म्हणाला, "मैम, ये तो चलने का फोर्स है."

"किसने दिया?"

"ठोकळा चल रहा है ना मैम, तो होगा ही."

"अरे भिया, चल रहा है तो चलने दे. बाण का फुकट वाटून राहिला आहेस?" अर्धं हिंदी, अर्धं मराठी. हिंदी पोरंही हसली. पण तो बाण पुसताना मॅडम अगदी गंभीर होत्या. खोटा बाण दिसला की त्यांना खरोखर त्रास व्हायचा.

दुसऱ्या एका दिवशी त्यांच्या वर्गातून एवढा गलका ऐकू आला की मी डोकावले. आपण चालतो तेव्हा जमीन आपल्या पायाला कुठल्या दिशेला ढकलते, असा प्रश्न होता. सगळ्या वर्गाने हात करून "मागे" असं सांगितलं होतं. घर्षण म्हणजे अडवणारं, तेव्हा मागेच असणार. मॅडमनी वर्गातल्या सगळ्या गोल पेन्सिली गोळा केल्या, जमिनीवर ओळीने मांडल्या, त्यांच्यावर पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा ठेवला आणि साडीच्या निऱ्या सावरत स्वतः त्यावर चालायला गेल्या. पुठ्ठा सर्रकन मागे गेला. मॅडम पडता पडता फळ्याला धरून वाचल्या. चष्मा नाकावर तिरका झाला होता, आणि त्यांचा चेहरा नुसता उजळलेला. "बघितलं? पुठ्ठा मागे गेला! म्हणजे पायाने त्याला मागे ढकललं. मग त्याने पायाला कुठे ढकललं?"

"आगे," कोणीतरी हळूच म्हणालं.

"आगे! जमीन आपल्याला पुढे ढकलते म्हणून आपण चालतो. घर्षण नसतं तर तुम्ही सगळे अजून हॉस्टेलच्या दारातच पाय मारत बसला असतात."

अशा तासांनी सिलॅबस कधी संपायचा नाही. पोरं दुसऱ्या बॅचला निघून जायची, पालक तक्रार करायचे. आमचे संचालक, ज्यांना सगळे सरजी म्हणत, दर महिन्याला मॅडमना बोलावून समजावत. मॅडम ऐकून घेत आणि पुन्हा चित्र काढायला लागत. सगळी चूक सरजींचीच होती असं मी म्हणणार नाही. दूरवरून आलेल्या, हॉस्टेलात राहणाऱ्या पोरांना परीक्षा पास व्हायची होती आणि वेळ कमी होता. मॅडमना वेळ कमी असतो ही गोष्ट कधी पटलीच नाही.

मग ते ठोकळ्याचं प्रकरण झालं.

दर तीन महिन्यांनी आमच्याकडे एक मोठी टेस्ट व्हायची आणि तिच्या मार्कांवरून वरची बॅच ठरायची. फिजिक्सचा पेपर मॅडमनी काढला होता. त्यात एक साधं गणित होतं: तीस अंशांचा उतार, त्यावर दहा किलोचा ठोकळा स्वस्थ बसलेला, घर्षणांक दशांश आठ, तर ठोकळ्यावरचं घर्षण किती? उत्तर छापलं होतं एकोणसत्तर न्यूटन. टेस्ट झाली, लिस्ट लागली, वरची बॅच सुरूही झाली.

दहा-बारा दिवसांनी मॅडम खालच्या बॅचला तेच शिकवत होत्या. त्या आपल्या झोळीतून बिजागरीची एक फळी कायम बरोबर आणायच्या. तिला सँडपेपर लावलेला. फळी तीस अंशांवर तिरकी केली, वर लाकडी ठोकळा ठेवला. ठोकळा बसून राहिला. "आता सांगा, याला खाली काय ओढतंय?" वर्गाने हिशोब केला. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग. दहा किलोचा ठोकळा धरला तर पन्नास न्यूटन. "बरोबर. आणि घर्षण वरच्या दिशेला किती?"

"एकोणसत्तर!" सगळा वर्ग एका सुरात. टेस्टमध्ये आलेलं होतं ना.

"वा," मॅडम म्हणाल्या आणि खडू घेऊन लिहायला वळल्या. हात फळ्यावर टेकला आणि तिथेच थांबला. हे मला पुढे त्या वर्गातल्याच एका मुलीने सांगितलं. मॅडम वळल्या आणि ठोकळ्याकडे बघत म्हणाल्या, "खाली पन्नास, वर एकोणसत्तर. मग हा ठोकळा आपोआप वर का चढत नाहीये?"

त्यांनी खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे पाहिलं.

"एकोणसत्तर कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मैम, आप ही ने."

एकोणसत्तर हे घर्षण जास्तीत जास्त किती होऊ शकतं त्याचं उत्तर होतं. ठोकळा हलतच नसेल तर घर्षण जितकं लागेल तितकंच येतं, पन्नासला पन्नास. ज्या बाई आयुष्यभर फुकटचे बाण पुसत आल्या, त्यांनी स्वतः एक एकोणीस न्यूटनचा फुकट बाण छापून दिला होता.

त्या स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी पाणी प्यायलं आणि कपाटातून टेस्टचे सगळे पेपर काढले. "केमिस्ट्री, अर्धे तुम्ही बघा. ज्यांनी पन्नास लिहिलंय ते वेगळे काढा." दोनशेच्या वर पेपर होते. पन्नास लिहिणारे तीन निघाले. त्यातले दोघे तरीही वरच्या बॅचमध्ये गेले होते. तिसरीचं नाव संध्या. देपालपुरची. त्या एका गणिताने तिची वरची बॅच हुकली होती. हॉस्टेलमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, लिस्ट लागल्यावर चौथ्या दिवशीच ती सामान घेऊन घरी निघून गेली होती.

मॅडम तडक सरजींकडे गेल्या. मी दारात उभी होते.

"मैडम, एक सवाल ही तो है," सरजी म्हणाले. "लिस्ट लग चुकी है. अब पेरेंट्स को क्या बोलेंगे?"

"बोलेंगे कि मैंने गलत छापा."

"और कोचिंग का नाम?"

"सरजी, लिस्ट दीवार पे चिपकी है, पत्थर पे नहीं खुदी." आणि बाहेर येऊन त्यांनी लाल पेनाने त्या लिस्टमध्ये वरच्या बॅचच्या शेवटी संध्याचं नाव लिहिलं. खाली "उत्तर चुकीचं होतं, चूक माझी" असं हिंदीत लिहून सही केली. पोरं भोवती जमून बघत होती. सरजींनी दुपारी लिस्ट काढून टाकली. पण तोपर्यंत मॅडम प्रत्येक बॅचमध्ये जाऊन पाच मिनिटं उभ्या राहून सांगून आल्या होत्या.

रविवारी त्या मला म्हणाल्या, "चला, देपालपुरला जाऊन येऊ." फोन का नाही करत, असं मी विचारलं. "फोनवर चित्र काढता येत नाही," त्या म्हणाल्या.

बसमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी बस वळली की आपण बाहेरच्या बाजूला का कलतो यावर त्या दहा मिनिटं बोलल्या असत्या.

संध्याच्या वडिलांची धान्याची आडत होती, घर त्याच्याच मागे. अंगणात सोयाबीनचे आणि गव्हाचे ढीग. दोन मास्तरणी दारात बघून ते घाबरलेच. "कंई हुयो मैडमजी? छोरी ने कुछ कर दिया क्या?"

"नहीं नहीं. मैंने किया है," मॅडम म्हणाल्या.

संध्या बाहेर आली आणि आईच्या मागे उभी राहिली. मॅडमनी विचारलं, "उस ठोकळेवाले सवाल में तूने पचास क्यों लिखा था?"

ती खाली बघत म्हणाली, "मैम, वो चल तो रहा नहीं था. तो जित्ता खींचेगा उत्ता ही पकड़ेगा ना. ज़्यादा क्यों पकड़ेगा?"

मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तू सही थी. मेरा जवाब गलत था. दो सौ बच्चों में तीन ने सोचा, उनमें एक तू."

मला वाटलं होतं पोरगी खूश होईल. ती रागावली. "मैम, मैंने किताबें दे दीं. काका की लड़की को. मैंने सबको बोल दिया कि फिजिक्स मेरे बस की नहीं है. जो मुझे सबसे ज़्यादा समझा था, वो ही गलत निकला, तो मुझे लगा बाकी तो..." वडील म्हणाले, "जाने दे बेटा, मैडम खुद चल के आई हैं." मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं. "बोलने दो उसको. सही बोल रही है."

चहा आला. मॅडम माफी मागून मोकळ्या होतील, परत चल म्हणून आग्रह करतील, असं मला वाटत होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या चहाचा कप हातात घेऊन अंगणात गेल्या आणि सोयाबीनच्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. मग गव्हाच्या ढिगाकडे. पुन्हा सोयाबीनकडे. थोड्या वेळाने संध्या दाराशी आली.

"ये वाला चपटा है," मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "गेहूँ का ढेर खड़ा है, सोयाबीन का चपटा. क्यों?"

"सोयाबीन गोल है मैम. फिसलता है."

"पक्का? नापा है कभी?"

"नहीं."

मॅडमनी झोळीतून कोनमापक काढून तिच्यापुढे धरला. संध्याने तो लगेच घेतला नाही. पण घेतला. मग त्या दोघी उकिडव्या बसल्या, एकीने पट्टी धरली, दुसरीने कोन वाचला, आणि अर्धा तास अंगणात आकड्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. वडील माझ्या शेजारी उभे होते. "ये मैडम ऐसी ही हैं क्या?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं.

बुधवारी संध्या परत आली. काकाच्या मुलीकडून निम्मीच पुस्तकं परत मिळाली होती, बाकीची मॅडमनी स्वतःची दिली. वरच्या बॅचचे सर तिला घ्यायला कुरकुरले, मग घेतलं. ती पुढे इंजिनिअर वगैरे झाली नाही. मोठ्या परीक्षेत तिचा नंबर लागला नाही. तिने बी.एस्सी. केलं आणि आज ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. मॅडमना या लिस्टच्या प्रकरणाची किंमतही मोजावी लागली. पुढच्या सत्रात त्यांना नववी-दहावीच्या मुलांचे वर्ग दिले. मी हळहळले, तर म्हणाल्या, "अहो, बरं झालं. लहान पोरांना सूत्रं येत नसतात, ती बघतात तरी."

त्याच वर्षी अण्णांना पक्षाघात झाला आणि व्हीलचेअर आली. बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. सोसायटीने त्यांवर सिमेंटचा उतार बांधून दिला. मॅडमनी त्यावर फळी ठेवून कोन मोजला आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "भिया, ये तो घसरगुंडी बना दी." मिस्त्री म्हणाला, जागाच इतकी आहे, मी काय करणार? सोसायटीचे अध्यक्षही आले. उतार उतारासारखाच तर आहे, असं त्यांचं मत पडलं. मॅडमनी वाद घातला नाही. रिकाम्या व्हीलचेअरमध्ये सिमेंटची भरलेली गोणी ठेवली, आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "हे अण्णा. घ्या वर."

अध्यक्षांनी जोर लावला. खुर्ची अर्ध्यावर गेली आणि मागे यायला लागली. मिस्त्रीने धावत येऊन धरली म्हणून बरं. घाम पुसत अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही आधी तोंडी सांगायचं होतं ना."

"सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या.

मग मिस्त्रीनेच तोड काढली. उतार सरळ दारात न आणता भिंतीच्या कडेने लांब नेऊन वळवायचा. मॅडमनी त्याला विचारलं, लांब केला तर जोर कमी का लागतो? तो हसला. "मैडम, हम तो ठेला रोज ऐसे ही चढ़ाते हैं. टेढ़ा-टेढ़ा. सीधा कौन चढ़ाता है?" हे वाक्य त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. दर वेळी, जणू त्यालाच काहीतरी मोठं सापडलंय अशा थाटात.

अण्णा गेल्यावर मॅडमनी कोचिंग सोडलं. नंतर त्या रायपूरला भाचीकडे राहायला गेल्या, असं कळलं. मध्ये एकदा फोन झाला. त्यांनी माझी तब्येत विचारली नाही, मुरंब्यात साखर टाकल्यावर तो आधी पातळ का होतो ते विचारलं. गेल्या वर्षी भाचीचा मेसेज आला. त्या झोपेतच गेल्या.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या रायपूरच्या नाहीत. त्या रायपूरला जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधीची गोष्ट. मी सिटी बसने भंवरकुआं चौकातून चालले होते. सिग्नल लागला होता. चौकातल्या एका इमारतीवरून जाहिरातीची मोठी लोखंडी चौकट खाली उतरवत होते. गच्चीवर दोन माणसं, दोघांच्या हातात एकेक दोर, दोन्ही दोर चौकटीच्या एकाच कडीला बांधलेले. माणसं गच्चीच्या दोन टोकांना उभी होती, त्यामुळे दोर अगदी आडवे पसरले होते, वजन उचलण्यापेक्षा एकमेकांनाच जास्त ओढत होते, आणि दोघं मागे रेलून कसेबसे ओढ सांभाळत होते. खाली फुटपाथवर माणसं जमली होती. त्यांच्या पुढे, एकट्या, मॅडम. एका हातात भाजीची पिशवी, मान पूर्ण मागे टाकलेली.

मी खिडकीवर टकटक केली. काच उघडत नव्हती. त्यांनी अचानक हात वर केला आणि मला वाटलं, त्यांनी मला पाहिलं. पण त्या वर बघत होत्या. त्यांनी भाजीची पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात बाजूंना लांब पसरले, आणि मग सावकाश एकमेकांजवळ आणले. वरच्या माणसांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा केलं. हात दूर, हात जवळ. तोंडाने काहीतरी ओरडत होत्या, ते मला काचेतून ऐकू येत नव्हतं.

गच्चीवरच्या एका माणसाने दुसऱ्याकडे पाहिलं. मग दोघंही दोर न सोडता एकेक पाऊल आत सरकले. आणखी एक. दोर उभे होत गेले. दोघांच्या पाठी जरा सरळ झाल्या.

सिग्नल सुटला आणि बस निघाली. मी मागे वळून बघितलं तेव्हा चौकट हळूहळू खाली येत होती, आणि मॅडमचे हात अजून हवेतच होते.